येशूचं नाव घ्या, पण इन्शुलिन बंद करू नका

कळव्याला राहणाऱ्या माझ्या मावशीला प्रार्थना गटातून एक मेसेज आला. येशूचं नाव रोज 77 वेळा मोठ्याने घेतलं की कुठलाही आजार जातो. औषध घेणं म्हणजे त्या नावावर अविश्वास. गुण आला नाही तर तुमचाच विश्वास कमी. मेसेज 11 जणांना पाठवा, नाहीतर आशीर्वाद अडेल. मावशीने इन्शुलिन बंद केलं. आता हाच मेसेज ऐरोली-वाशीच्या नातेवाइकांत फिरतोय, म्हणून हे लिहिते आहे.

आधी औषधाचं. शरीरात इन्शुलिन बनत नसेल तर ते बाहेरूनच घ्यावं लागतं. बंद केलं की साखर चढते, रक्तातलं आम्ल वाढतं, माणूस बेशुद्ध होऊन दगावू शकतो. 1922 साली टोरंटोत पहिल्या रुग्णाला इन्शुलिन मिळालं. त्याआधी इन्शुलिन न बनणाऱ्या मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत असत. ही देवाची कृपा नाही तर काय आहे?

आणि विश्वास कमी कोणाचा? येशूचा प्रेषित पौल, त्याचा? त्याने शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे' एवढंच उत्तर मिळालं. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत शहरात आजारीच मागे ठेवलं. आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, जप नाही. त्याचा सोबती लूक तर वैद्य होता. मावशी रडत म्हणाली, मीच कुठे तरी कमी पडले. आजारी बाईच्या डोक्यात हे भरवणाऱ्याला मी माफ करायला अजून तयार नाही.

नावात सामर्थ्य आहे, हे मी मानते. येशूचा शिष्य पेत्र याने मंदिराच्या दाराशी बसलेल्या पांगळ्याला त्याच नावाने उठवलं. नाव पुन्हा पुन्हा घेण्यातही गैर नाही. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्या 'प्रभू येशू ख्रिस्ता, मज पाप्यावर दया कर' ही प्रार्थना शतकानुशतकं करत आल्या आहेत, आमच्या घरीही रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होते. पण ती प्रार्थना दया मागते, हिशेब मागत नाही.

नुसत्या उच्चाराने काम होतं म्हणणाऱ्यांनी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 19 वाचावा. इफिस शहरात स्किवा नावाच्या यहुदी याजकाचे सात मुलगे येशूचं नाव घेऊन भूत काढायला गेले. भूत म्हणालं, येशूला ओळखतो, पौलही ठाऊक आहे, तुम्ही कोण? आणि त्या भूतग्रस्त माणसाने त्यांना असं झोडपलं की ते उघडे आणि जखमी होऊन पळाले. नाव तेच होतं. ज्याचं नाव, त्याच्याशी त्यांचं काही नातं नव्हतं.

11 जणांबद्दल पवित्र शास्त्रात एक ओळही नाही. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको, ही आज्ञा मात्र आहे, आणि त्या नावाने धमकी देणारा मेसेज तीच मोडतो. तुमच्याकडे आला तर पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला फोन लावा आणि विचारा, तुमच्या घरात कोणी औषध सोडलंय का.