चौथा चौकोन

सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक असणे फार जोखमीचे झाले आहे. 2020 साली परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 10 लाख डॉलरचे ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडची कीर्ती सातासमुद्रापार गेली आणि तेव्हापासून आमचे सासरे दर दिवाळीला, "मग, तुमचं काय चाललंय?" असे मला विचारू लागले.

त्यामुळे केंद्रप्रमुख शाळाभेटीला येणार असे कळताच मी चौथीला जलचक्र फळ्यावर न शिकवता, पुस्तकातील कोड स्कॅन करून लोकवर्गणीच्या प्रोजेक्टरवर दाखवण्याचा घाट घातला. वीज होती, नेट होते, पडदा म्हणून टांगलेल्या चादरीला इस्त्रीसुद्धा होती. साहेब मागे वही उघडून बसले. मी पहिल्या मुलाच्या पुस्तकावर फोन धरला. फोन ढिम्म. दुसरे पुस्तक घेतले, तिसरे घेतले. फोन जवळ नेला, लांब नेला, खिडकीपाशी नेला, शेवटी त्याची काच सदऱ्याला पुसली. एका पानावर शेंगाचटणीचे तेल सांडले होते, पण हा कोड मोठा सोशिक असतो, त्या बेताने छापला असेल तर 30 टक्क्यांपर्यंत खराब होऊनही वाचता येतो, असे ऐकून असल्यामुळे चटणीवरही आळ घेता येईना. अखेर मुख्याध्यापकांच्या कपाटातील कोरी प्रत आणायला मी मॉनिटर मुलीला पिटाळले.

मग चष्मा लावून पाहिले. कोडच्या तीनच कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात आणि त्यांच्यावरूनच फोनला वरची बाजू कोणती ते उमगते. आमच्या 19 च्या 19 पुस्तकांत मात्र काळ्या शाईने, पट्टी लावून, चौथ्या कोपऱ्यातही हुबेहूब तसाच चौकोन काढलेला होता.

"हे कोणी केलं?"

"मॉनिटरनं, सर. मागच्या आठवड्यात तुम्हीच सममिती शिकवली ना!"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले. (तो तास मी खडू आणि घडी घातलेल्या कागदावर घेतला होता व तो इतका चांगला झाला असेल, याची मलाही कल्पना नव्हती.)

कोरी प्रत यायला जरा वेळच लागला. मुलगी पेनाला टोपण लावत आत आली.

"सर, ह्याच्यातपण राहिला होता."