बाकूचे मतदान आणि १९४० ची लिपी

सोव्हिएत राजवटीत तुर्की कुळातल्या भाषांची (कझाक, तातार, किर्गिझ, अझरबैजानी वगैरे) लिपी जेमतेम वीस वर्षांत दोनदा बदलली: आधी अरबी जाऊन लॅटिन आली आणि मग लॅटिन जाऊन सिरिलिक, म्हणजे रशियनची लिपी. हे दोन्ही बदल सर्रास 'मॉस्कोने लादलेले' म्हणून एकाच खात्यावर टाकले जातात, ते मला मान्य नाही.

पहिल्या बदलाआधी निदान उघड वाद झाला होता. १९२६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अझरबैजानची राजधानी बाकू इथे तुर्कविद्या परिषद, म्हणजे तुर्की भाषांच्या अभ्यासकांची परिषद भरली. तिथे क्रिमियाचे भाषापंडित बेकिर चोबानजादे लॅटिनच्या बाजूने होते, तर कझाकांचे अहमत बायतुरसिनुली यांनी अरबी लिपीची बाजू लावून धरली. तीही जुनी अरबी नव्हे, तर त्यांनी स्वतः कझाकसाठी सुधारलेली. त्या सुधारणेतली एक युक्ती मला फार मोलाची वाटते. कझाक शब्दातले स्वर सहसा सगळे कठोर (तोंडाच्या मागच्या भागात उच्चारले जाणारे) किंवा सगळे मृदू (पुढच्या भागात उच्चारले जाणारे) असतात, म्हणून मृदू स्वरांना वेगळी अक्षरे न देता त्यांनी शब्दाच्या आरंभी एकच खूण ठेवली. ती दिसली की पुढचे स्वर मृदू उच्चारायचे. भाषेची नाडी अचूक सापडल्याशिवाय असे सुचत नाही. तरीही १०१ विरुद्ध ७ मतांनी लॅटिनची सरशी झाली. सरकारचा कल लॅटिनकडे होता हे खरेच. पण अझरबैजानी लेखक मिर्झा फतली आखुंदोव यांनी अरबी लिपी सोडण्याचा विचार एकोणिसाव्या शतकातच मांडला होता, हेही विसरता येत नाही.

सिरिलिक आणताना मात्र असे मतदान झाले नाही. चोबानजादे आणि बायतुरसिनुली, दोघांनाही १९३७ मध्येच गोळ्या घातल्या गेल्या होत्या. १९३८ च्या मार्चमध्ये बिगररशियन शाळांत रशियन सक्तीची झाली आणि १९४० मध्ये कझाकला ४२ अक्षरांची नवी वर्णमाला मिळाली. तिच्यात रशियनची ३३ च्या ३३ अक्षरे जशीच्या तशी होती. कझाकच्या स्वतःच्या ध्वनींसाठी वरची ९.

त्यातही प्रत्येक भाषेची सिरिलिक वेगळी. मराठीतही आलेला 'जान' हा फारसी शब्द घ्या. त्यातल्या 'ज'साठी तातार भाषेने रशियन 'झ'ला शेपटी जोडली, किर्गिझने नुसता 'झ' ठेवला आणि अझरबैजानीने 'च'चे अक्षर थोडे बदलून घेतले. लॅटिनच्या काळात या भाषांची वर्णमाला बव्हंशी समाईक होती. ती वाट इथे मोडली, आणि माझ्या मते खरा घाव हाच.

बायतुरसिनुलींची अरबी लिपी चीनच्या शिनजियांग प्रांतातले कझाक आजही वापरतात. तिकडून आलेले पत्र कझाकस्तानातल्या अल्माटी शहरातल्या कझाकाला कोणी वाचून दाखवले तर कळते. नुसते हातात दिले, तर त्याला ते वाचता येत नाही.