हिंगणघाटची कबर आणि शंभर फुटी साखळी

एव्हरेस्ट शिखराचं नाव पोराटोरांना पाठ असतं. पण ज्याच्या हाताखाली जॉर्ज एव्हरेस्ट 1818 मध्ये मदतनीस म्हणून आला, त्या विल्यम लॅम्बटनची कबर वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला आहे, हे विदर्भातसुद्धा फार थोड्यांना माहीत आहे. मला हे मनापासून खटकतं. साहेबाचे गोडवे गायचे म्हणून नाही. भारतीय द्वीपकल्प काटेकोरपणे मोजण्याची पद्धत या माणसाने घालून दिली, आणि ती नववी-दहावीच्या गणितात सांगता येते, म्हणून.

आधी त्याची नोकरी. इंग्लंडच्या राजाच्या फौजेत पायदळातली हुद्द्याची सनद विकत मिळायची. 1821 च्या सरकारी दरांनुसार एन्साइनला 450 पौंड, लेफ्टनंटला 700, कॅप्टनला 1800, मेजरला 3200 आणि लेफ्टनंट कर्नलला 4500. वरच्या हुद्द्यावर जाताना खालची सनद विकायची आणि फरक भरायचा. पैसा नसेल तर कुणी मरायची वाट बघायची. लॅम्बटनच्याच 33 व्या पलटणीत आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, भावाच्या पैशावर चोविसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल झाला. यॉर्कशरच्या साध्या घरातला लॅम्बटन अमेरिकेतल्या लढाईत यॉर्कटाउनला कैद झाला, मग कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये बराकींचा कारभार बघत वर्षानुवर्षं पडून राहिला. सूर्यग्रहण बघताना एक डोळा अधू झाला. चाळिशी उलटल्यावर पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला, तेव्हाही तो लेफ्टनंटच होता.

1799 च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारात थेट टिपूच्या छावणीकडे निघाली होती. लॅम्बटनने ताऱ्यांकडे बघून सांगितलं की आपण उत्तरेला नाही, दक्षिणेला चाललोय. साहेबांना पटेना. शेवटी होकायंत्रावर काजवा धरून त्याच्या उजेडात दिशा बघितली, तर लॅम्बटनचं खरं निघालं. टिपू पडल्यावर त्याने मद्रासपासून मलबार किनाऱ्यापर्यंत मोजणीचा प्रस्ताव दिला. कंपनीला हे हवं होतं सारावसुलीसाठी आणि फौजेच्या हालचालींसाठी. ते लपवायचं कारण नाही.

आता मोजणी. त्रिकोणाची एक बाजू आणि तिन्ही कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची रेषा एकच, पण ती चुकली की पुढचं सगळं त्याच प्रमाणात चुकलं. ही आधाररेषा मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी 1802 च्या एप्रिल-मेमध्ये मोजली. शंभर फुटांची पोलादी साखळी, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस कड्या. ती मुळात चीनच्या बादशहाला भेट म्हणून नेली होती, त्याने घेतली नाही. साखळी जमिनीवर टाकायची नाही. तिपायांवर ठेवलेल्या लांबट लाकडी पेट्यांमध्ये ती ताणून बसवायची, स्क्रूने उंची जुळवायची, आणि शेजारी तापमापक. असं चारशे वेळा. साडेसात मैलांना 57 दिवस लागले.

तापमापक कशाला, हे समजलं की हा माणूस समजतो. एक अंश सेल्सिअस तापमान वाढलं की एवढी पोलादी साखळी साधारण एक तृतीयांश मिलिमीटर लांबते. चारशे वेळा मांडली की चौदा सेंटिमीटर. मद्रासच्या उन्हाळ्यात सकाळ आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक धरा, चूक जवळजवळ दीड मीटरवर जाते. म्हणून दर वेळी तापमान टिपायचं आणि लांबी एका ठरावीक तापमानाला आणायची.

कोनांचंही तसंच. त्रिकोण चपटा नको. पंधरा अंशांच्या कोनातली एका सेकंदाची (म्हणजे अंशाच्या 3600 व्या भागाची) चूक साठ अंशांच्या कोनातल्यापेक्षा साडेसहा पट महाग पडते. शिवाय पृथ्वी गोल आहे. चाळीस किलोमीटर बाजूंच्या समभुज त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंशांपेक्षा साडेतीन सेकंदांनी जास्त भरते, तेवढी धरावीच लागते. बंगळूरला 1804 मध्ये दुसरी आधाररेषा मोजून ताळा घेतला. सात मैलांहून लांब रेषेत गणित आणि प्रत्यक्ष माप यांतला फरक चार इंचांहून कमी होता! मद्रास ते मंगळूर अंतर जुने नकाशे 400 मैल दाखवत होते, ते 360 निघालं.

कोन मोजायचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा, त्याची आडवी तबकडी तीन फूट व्यासाची. तो डोंगरावर आणि देवळांच्या शिखरांवर चढवला इथल्याच खलाशांनी आणि हमालांनी. श्रेय वाटायचं तर पहिलं त्यांचं. 1808 मध्ये तंजावरला, सरफोजी राजे गादीवर असताना, बृहदीश्वराच्या शिखरावर तो चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि तबकडी वाकली. लॅम्बटन सहा आठवडे त्याच्यापाशी कोंडून बसला, पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून ती केसाकेसाने ओढत पुन्हा गोल केली. ती पूर्वीइतकी अचूक राहिली नाही, साखळीही झिजली होती. पुढे एव्हरेस्टने हे काम नव्या साधनांनी परत केलं. ते योग्यच होतं.

1817 मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य केलं. पलटणीत लेफ्टनंट कर्नलच्या वर तो गेला नाही. हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटच्या मुक्कामी तो वारला, वय सत्तरच्या आसपास.

माझं म्हणणं असं की पाटी आणि हार-फुलांआधी हिंगणघाटच्या शाळांनी एक करावं. तीस मीटरची पोलादी टेप घ्यावी, मैदानात पक्क्या गिलाव्याच्या दोन खुंट्यांमधलं अंतर सकाळी सातला मोजावं आणि मे महिन्यात भर उन्हात टेप तापली की दुपारी एकला पुन्हा मोजावं, दोन्ही वेळी सारखाच ताण देऊन. टेप पंधरा अंशांनी तापली असेल तर माप पाच मिलिमीटर कमी दिसेल. मग त्याच रेषेच्या दोन टोकांवरून पाण्याच्या टाकीकडे कोन घ्यावेत आणि तिचं अंतर वहीत काढावं.