तानपुरा जुळवण्याबद्दल : ‘श्रुतिप्रेमी’ यांना उत्तर

‘श्रुतिप्रेमी’ यांस,

नमस्कार. ‘उद्याचं गाणं कुणाच्या हातात?’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. खालच्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून वेगळं टाकतोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पॅरिसहून पेटी, म्हणजे हार्मोनियम, आली, जपानहून बेंजो आला, आता पोरांच्या मोबाइलमध्ये तानपुरा आलाय. दर वेळी ‘संगीत बुडालं’ म्हणून ओरड झाली आणि दर वेळी आपल्या लोकांनी ती वस्तू आपल्या गाण्याला जुंपली. पुढची पिढीही तेच करेल, एवढंच मी म्हटलं होतं.

तुमचे आक्षेप असे : पेटीला हात लागतो, रियाज लागतो, मोबाइलला नुसतं बोट लागतं, तेव्हा ही तुलनाच फसवी आहे. पेटीमुळे सारंगियांचं, म्हणजे सारंगी वाजवणाऱ्यांचं, काय झालं यावर मी गप्प आहे. यंत्राने (एआयने) बनवलेल्या आवाजाबद्दल गुळमुळीत आहे. बेंजोबद्दल तर तुम्ही नुसतं ‘बेंजो??’ एवढंच लिहून दोन प्रश्नचिन्हं ठोकलीत. आणि मग शेवटचं वाक्य, जसंच्या तसं : “लेखकाने आयुष्यात एकदा जरी स्वतःच्या हाताने तानपुरा जुळवला असता, तर हा लेख लिहिण्याचे धाडस झाले नसते.”

इथूनच सुरुवात करू. बाकीचं सावकाश बघता येईल.

हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या लेखात मी तानपुऱ्याला हात लावला नाही असं कुठे लिहिलंय? तुम्ही ते गृहीत धरलंत. का, तर मी पेटीबद्दल आणि बेंजोबद्दल बरं बोललो. म्हणजे जो पेटीबद्दल बरं बोलतो त्याचा कान कच्चा, असा हिशेब. हा हिशेब मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि दर वेळी तो मांडणाऱ्याच्या घरात एक चांगला तानपुरा असतो.

आता ऐकाच. मी मिरजेजवळच्या गावचा. गाणं शिकायला मिरजेलाच जायचो. सतारमेकर गल्लीतून जाताना ओट्यांवर वाळत घातलेले भोपळे बघत थांबायचो. (त्याच मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्याकडे एकमेकांना फोन करकरून सांगितलं लोकांनी.) गुरुजींकडे पहिली कितीतरी वर्षं माझं मुख्य काम गाणं नव्हतंच. तानपुरा जुळवून ठेवणं हेच काम. पंचम लावायचा, दोन्ही जोड (मधल्या षड्जाच्या तारा) एकमेकांत मिसळतील असे मिळवायचे, मग खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार. खुंटी पिळली की तार हवी त्याच्यापुढे जाते, मग मणी सरकवून मागे आणायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंटी कधी अडते, कधी सुटते. आणि एवढं करून जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झणकार, बोलली नाही तर घोडीवरचं सूत केसभर पुढे, केसभर मागे. आतून गुरुजींचा आवाज यायचा, “जोड खाली आहे रे.” ते तेव्हा चहा पीत असायचे. दार बंद असायचं.

खर्ज छेडला आणि त्याच्या पोटातून गंधार आपणहून ऐकू आला की तानपुरा जुळला. तो गंधार पहिल्यांदा मला ऐकू आला तो दिवस अजून आठवतो. तेव्हा महाशय, तुमच्या अटीत मी बसतो. धाडस तरीही झालं.

पण माझ्या वडिलांचं काय करायचं? ते तुमच्या अटीत बसत नाहीत. त्यांनी जन्मात तानपुरा जुळवला नाही, कारण तानपुरा घेण्याइतके पैसे आमच्या घरात नव्हते आणि भजनी मंडळातही नव्हते. मंडळाची पेटी होती. वर्गणी काढून घेतलेली, भात्याला दोन ठिकाणी ठिगळं, वरच्या सप्तकातला एक सूर कायमचा मुका. दुकान बंद करून वडील एकादशीला रात्रभर ती वाजवायचे.

तुम्ही श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांचं, गणित मांडलंय म्हणून मीही मांडतो. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा तो गंधार षड्जापासून 386 सेंटवर असतो (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत 100 सेंट). पेटीतला 400 वर. पेटीचा गंधार 14 सेंट चढा, हे मला माहीत आहे आणि बऱ्याच पेटीवाल्यांना माहीत असतं. वडिलांना सेंट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण गाणारा बुवा गंधारावर ठेहराव घ्यायला लागला की ते त्या पट्टीवरचं बोट उचलायचे आणि नुसता षड्ज-पंचम धरून ठेवायचे. बुवा पुढे सरकला की परत त्याच्या मागे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तानपुऱ्याशिवाय कान तयार होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते बोट उचलणं कुठून आलं हे मला सांगावं.

आकाशवाणीनेही तुमच्यासारखाच विचार केला होता. 1940 मध्ये पेटीला रेडिओवर बंदी झाली, ती 1971 पर्यंत टिकली. उठली तीही साथीपुरती, अटी घालून. तीस वर्षं स्टुडिओच्या आत पेटी नव्हती. आणि बाहेर? बाहेर मैफलीत पेटी, कीर्तनात पेटी, संगीत नाटकात पेटी आणि ऑर्गन. 1911 च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीवालेच. बंदीच्या त्याच काळात गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर यांचे हात तयार झाले. गोव्यातल्या बोरीहून आलेले तुळशीदास बोरकर तयार झाले. रेडिओवर वाजवायची सोय नसताना हे लोक कुणाच्या भरवशावर वाजवत राहिले? ऐकणाऱ्यांच्या. ज्यांना श्रुतींवरचा एकही ग्रंथ वाचायला मिळाला नव्हता त्या ऐकणाऱ्यांच्या.

पेटीबद्दल तक्रार करणाऱ्यांतले काही लोक मला मनापासून आवडतात, हेही नोंदवतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी, यांना पेटीचे सूर टोचले, तर त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी श्रुती-हार्मोनियम बनवून घेतलं. ते चाललं नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी पुन्हा 22 श्रुतींच्या पेटीवर काम केलं. सूर टोचतो ना, मग सूर घासा. टोमणे मारून आजवर एकही सूर खाली आलेला नाही.

आता तुमचा मुद्दा मान्य करतो, म्हणजे मी हटवादी आहे असं वाटायला नको. सारंगीला लेखात एकच ओळ दिली होती, हे खरं आहे. सारंगीवर जास्त लिहायला हवं होतं. पण तुम्ही जसं लिहिलंय, की जणू पेटी आली आणि दुसऱ्या दिवशी सारंगी संपली, तसंही झालेलं नाही. बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्ष सारंगीवर होते, आणि त्याच रंगमंचाखाली ऑर्गनही होता. पुढे संस्थानं गेली, कोठ्यांवरचं गाणं बंद पडलं, सारंगियाला लोक काय नजरेने बघायचे हे तर सगळ्यांना माहीत आहे. याला पेटी एकटी काय करणार? विषय मोठा आहे, इथे तो उकरत बसत नाही.

तुमची ती दोन प्रश्नचिन्हं मात्र सोडणार नाही.

‘बेंजो??’ म्हणजे काय? हसायचं? 1912 मध्ये जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टंकयंत्रासारखी बटणं लावलेलं एक तंतुवाद्य बनवलं, तैशोगोतो. ते बोटीने आपल्याकडे आलं. कुणी त्याला बुलबुलतरंग म्हटलं, मुंबई-कोकणात ते बेंजो झालं. गिरणगावातल्या आणि कोळीवाड्यांतल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, अँप्लिफायर लावला, आणि आज हळद असो की विसर्जनाची मिरवणूक, बेंजो पार्टीशिवाय रस्ता हलत नाही. जपानमध्ये हे वाद्य लोक घरात बसून शांतपणे वाजवतात. आपण ते कर्ण्याला जोडलं. नोटेशनचा कागद न बघता बेंजोवाला समोरच्याने फर्माईश केलेलं कुठलंही गाणं त्याच क्षणी बटणावर काढतो. तुम्हाला जमेल? मला नाही जमत, मी करून पाहिलंय. पण त्याच्या वाद्याला दोन प्रश्नचिन्हं मिळतात आणि सतारीला कधीच मिळत नाहीत, याचं कारण संगीतात शोधू नका. तो राहतो कुठे आणि त्याला मिरवणुकीनंतर जेवायला कुठे बसवतात, तिथे शोधा.

हेच मुंबईतल्या गोवेकर वादकांचं. चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन शिकलेली ही मंडळी हॉटेलांत जॅझ वाजवायची आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाण्यांचं वाद्यमेळ लिहून काढायची. ‘अलबेला’त (1951) सी. रामचंद्रांच्या बरोबरीने चिक चॉकलेटची ट्रम्पेट होती. तेव्हाही ‘हे काय विलायती’ म्हणणारे होतेच. आज त्याच चाली ऐकून त्यांच्या नातवंडांचे डोळे पाणावतात, आणि तीच नातवंडं मराठी रॅप लागलं की टीव्ही बंद करा म्हणतात.

राहिला मोबाइल. बोट लागतं म्हणता, लागतं. बेंगळुरूला इलेक्ट्रॉनिक तानपुरा निघाला 1979 मध्ये. म्हणजे डबीतून निघणाऱ्या षड्जावर गाणाऱ्या पिढ्या आता चाळिशीच्या पुढे गेल्या. त्यातले कितीतरी जण तुम्ही तिकीट काढून ऐकता. माझी भाची न्यू जर्सीत आहे, पुण्याच्या बाईंकडे व्हिडिओवर शिकते. बाई इथून सूर देतात तो तिकडे उशिरा पोचतो, दोघींना एकत्र गाता येत नाही. म्हणून तानपुरा आणि ठेका तिच्याच बाजूला, तिच्याच फोनवर लावावा लागतो. फोन नसता तर तिने तानपुरा जुळवला असता, असं तुम्हाला वाटतं का? ती गाणंच शिकली नसती. हो, फोनमधल्या तानपुऱ्याचं आवर्तन दर वेळी तसंच्या तसं परत येतं आणि त्यात जीव नसतो, हे मी भाचीलाही सांगतो. सुट्टीत आली की तिला खुंटी पिळायला बसवतो. हे तुमच्या प्रतिक्रियेआधीपासून चालू आहे.

आणि यंत्रातून काही टिकत नाही असं जे तुम्ही ओघात म्हणून गेलात, त्याबद्दल एवढंच : जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिका काढू दिली नाही. त्यांचं स्वतःचं गाणं आज कुणालाही ऐकता येत नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, आपल्या गोव्यातल्या केरीच्या, त्यांनी तबकड्या दिल्या. त्यातली साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. गुरूने यंत्र नाकारलं, शिष्येने जपून का होईना घेतलं. दोघांपैकी कुणाला अपवित्र ठरवायचं ते तुम्ही ठरवा, तुम्हाला ते काम जमतं.

यंत्राने बनवलेल्या आवाजाबद्दल मी गुळमुळीत नव्हतो. 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंहच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करणाऱ्यांना रोखलं, ते योग्य झालं. गळा ज्याचा, हक्क त्याचा. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही, म्हणून लेखात लांबण लावली नाही.

पुन्हा तुमच्या सुराबद्दल. ‘लेख एकांगी वाटला’ असं लिहिलं असतंत तर मी दोन ओळींत आभार मानून मोकळा झालो असतो. पण माणूस न बघता, त्याचं घर न बघता, त्याने काय जुळवलं आणि काय नाही हे ठरवून टाकायचं, आणि तेही टोपणनावाच्या आडून? इतकी वर्षं गाणं ऐकून एवढीही मींड अंगात उतरत नसेल, तर रियाज नुसता जिभेचा झालाय असं म्हणावं लागतं. हे वाक्य जरा जास्त झालं असेल. राहू द्या, तुमचंही राहिलंय.

सारंगीबद्दल तुम्हाला खरंच सांगायचं असेल तर लिहून पाठवा, मी याच पानावर जसाच्या तसा टाकेन, एक शब्द कापणार नाही. खाली खरं नाव मात्र हवं. आणि ‘एकदा जरी’पासून सुरू होणारं वाक्य असेल, तर ते पाठवण्याआधी तुम्हीच काढा.