“आधी वजन कमी करा, मग सायकल घ्या” म्हणणाऱ्या दुकानदारांनो

आज दुपारी एका सायकलच्या दुकानात जे पाहिलं, त्याने डोकं अजून तापलेलं आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असं करणारं ते एकटंच दुकान नाही.

साठीच्या आसपासच्या एक काकू ई-सायकल बघायला आल्या होत्या. अंगाने भरपूर, उजवा गुडघा बदललेला, हातात काठी. न लाजता त्यांनी सगळं सांगितलं: वजन १०८ किलो, गुडघा पूर्ण वाकत नाही, भाजी-बँक-देऊळ मिळून रोजचं सहा-सात किलोमीटर, वाटेत एक उड्डाणपूल. गिऱ्हाइकाने याहून नेमकं काय सांगायचं? आणि दुकानातल्या पोराने काढून काय दिलं, तर चार इंची टायरची फॅट बाईक. “हेवी आहे काकू, वजन घेईल.” काकूंचा पाय दांडीवरून जाईना. तेव्हा साहेब हसत म्हणाले, “आधी थोडं वजन कमी करा, मग कुठलीही चालेल.”

अरे, वजन कमी करायला डॉक्टर आहेत. तू सायकल विक ना.

माझं लिखाण नेहमी वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जाड माणसाची टिंगल करणं हा आपल्याकडे धंद्याचाच भाग झालाय. पण इथे नुसता उद्धटपणा नव्हता, अज्ञानही होतं. जाडजूड दिसणारी सायकल जास्त वजन घेते, हा समजच चुकीचा आहे. फॅट बाईकचा टायर रुंद असतो, पण तेवढ्याने स्पोक, सीटचा पाईप किंवा रिम जास्त मजबूत होत नाही. वर ती स्वतःच २७-३० किलोची आणि दांडी उंच. खड्डे ती छान गिळते, मान्य. पण जिला टांगच टाकता येत नाही, तिने खड्ड्यापर्यंत पोचायचं कसं?

काकूंनी वजनाची मर्यादा विचारली होती. उत्तर मिळालं, “काही होत नाही, दोन-दोन जण बसतात.” मर्यादा फ्रेमवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत छापलेली असते. आपल्याकडच्या बऱ्याच ई-सायकलींवर १०० ते १२० किलो दिसेल. ते वजन फक्त चालवणाऱ्याचं आहे की सायकल आणि सामान धरून आहे, हे विचारलंच पाहिजे. एकूण १२० असेल तर सायकलचे २५ आणि पिशवीचे ५ वजा करा, माणसाला ९० उरतात. काकू तिथेच बाद. पण याचं उत्तर “वजन कमी करा” असं नसतं. “ही नको, ती बघू” असं असतं.

मग बघायचं काय? सगळ्यात आधी पाय किती उचलावा लागतो ते. रेंज, डिस्प्ले, मोबाईल ॲप हे सगळं नंतर. टेप घ्या आणि पाय जिथून आत जाणार तिथली फ्रेमची उंची जमिनीपासून मोजा. ‘युनिसेक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सायकलींत ती ४५-५० सेंटिमीटर भरते. गुडघा न वाकणाऱ्या माणसाला ३० च्या आसपास हवी. (पुरुषांनो, ही लेडीज सायकलच दिसते. दिसू दे. सिग्नलला टांग अडकून पडलेला मर्द काही फार रुबाबदार दिसत नाही.) चढताना दोन्ही ब्रेक दाबून धरायचे, सायकल आपल्याकडे किंचित कलती करायची, बरा पाय जमिनीवर ठेवायचा आणि दुखरा पाय आतून पलीकडे न्यायचा. काकूंचा उजवा दुखरा, म्हणजे त्यांनी डावीकडून चढायचं. डावा दुखरा असेल तर उजवीकडून. थांबतानाही भार बऱ्या पायावरच. एवढं त्या पोराने दाखवलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं.

दुसरं, क्रँकची, म्हणजे पॅडल ज्याच्या टोकाला असतं त्या दांड्याची लांबी. याबद्दल दुकानात कुणी चकार शब्द काढत नाही आणि दुखऱ्या गुडघ्याला सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. बहुतेक मोठ्यांच्या सायकलींना १७० मिलिमीटरचा क्रँक असतो. त्याजागी १५० चा घातला, तर पॅडल सगळ्यात वर येतं तेव्हा २० मिलिमीटर खाली राहतं. शिवाय खालच्या टोकाला पाय तेवढाच सरळ ठेवायचा म्हणून सीट २० मिलिमीटर वर घेता येते. म्हणजे वरच्या टोकाला गुडघ्याला ४० मिलिमीटर मोकळीक. साध्या क्रँकने पॅडल मारताना गुडघा ११० अंशांच्या आसपास वाकावा लागतो, आणि बदललेला गुडघा तिथेच कुरकुरतो. हब मोटरच्या (मोटर चाकाच्या मध्यातच असते त्या) सायकलींना बहुतेक वेळा चौकोनी टोकाचा साधा ॲक्सल असतो, क्रँक पुलर नावाच्या हत्याराने अर्ध्या तासात काम होतं. मिड ड्राइव्ह (मोटर पॅडलपाशी) असेल तर मोटरला बसणाराच क्रँक लागतो, तो मिळतो का हे आधी विचारा. सीट वर घेतल्यावर थांबताना टाच टेकणार नाही, हा तोटा आहेच. ज्यांना दोन्ही तळवे जमिनीवर हवेत त्यांनी पॅडल सीटच्या बरंच पुढे असलेली, आरामात मागे बसायची फ्रेम शोधावी. आपल्याकडे अशा फ्रेम कमी मिळतात, पण आहेत.

आता मोटर. कायद्याने २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली, पॅडलची ई-सायकल मोटार वाहनात मोजत नाहीत. लायसन्स नको, नोंदणी नको. म्हणून सगळ्यांवर २५० च लिहिलेलं असतं आणि सगळ्या सारख्याच वाटतात. पण तो आकडा सतत द्यायच्या ताकदीचा आहे. क्षणभर किती मिळेल हे कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा ठरवतो: ३६ व्होल्ट आणि १५ अँपिअर म्हणजे ५४० वॉट, ७ अँपिअर असेल तर त्याच्या निम्मेही नाहीत. विचारायचा आकडा तो, आणि टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवायच्या जोराचा.

हिशेब करून बघा. काकू, सायकल आणि पिशवी मिळून १४० किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी १५ ने जायला ८०-९० वॉट पुरतात. तिथे वजनाचा फारसा प्रश्नच नाही! ६ टक्के चढावर ताशी १० ने जायचं तर साधारण २६५ वॉट लागतात. ६५ किलोच्या माणसाला तिथे १८५ च्या आसपास. वजन आडवं येतं ते चढावर, सुरुवात करताना आणि ब्रेक मारताना. याच तीन गोष्टी दुकानाबाहेरच्या सपाट फुटपाथवरच्या चाचणीत कळत नाहीत.

चढावर हब मोटर सहा-सातच्या वेगाला रडायला लागली की थ्रॉटल (पॅडल न मारता मोटर चालवायची मूठ) पूर्ण पिळायचा नाही. त्या वेगाला वीज चाक फिरवण्यापेक्षा मोटर तापवण्यातच जाते. आतले नायलॉनचे गिअर मऊ पडून झिजतात, किंवा कंट्रोलर गरम होऊन मध्येच बंद पडतो. पुण्यात कात्रज, बावधन, सुतारदरा अशा चढाच्या बाजूंना राहणाऱ्यांनी मिड ड्राइव्हच बघावी. तिची मोटर सायकलच्या गिअरमधून ताकद देते, त्यामुळे हलक्या गिअरवर चढ निघतो. महाग आहे, चेन लवकर झिजते, आणि थांबण्याआधी गिअर हलका करायची सवय लागते. पेठांत, सपाटीला राहणाऱ्यांना हब मोटर पुरे. चेन तुटली तरी थ्रॉटलवर घरी पोचता येतं.

आणि थ्रॉटल हवाच. स्वस्त सायकलींतला सेन्सर पॅडल फिरतंय की नाही एवढंच बघतो. म्हणजे पहिला अर्धा फेरा गुडघ्याने मारायचा, आणि मग मोटर एकदम हिसका देणार. दुखऱ्या गुडघ्याला नेमकं उलटं हवं असतं. टॉर्क सेन्सर गुळगुळीत चालतो खरा, पण तोही जेवढं दाबाल तेवढीच साथ देतो. दाबताच येत नसेल तर त्याचा काय उपयोग? त्यामुळे आधी सीटवर बसा, थ्रॉटल हलकेच फिरवा, सायकल हलली की मग पॅडल. सोबतीला पायी ढकलताना मदत करणारा मोड असेल तर फार बरं. बेसमेंटचा रॅम्प सोसायट्यांत दहा टक्क्यांच्या आसपास असतो. तिथे बसून चढायचं धाडस करू नका, उतरून त्या मोडवर चालत न्या.

आज सगळ्यात जास्त राग आला तो ब्रेकवरून. त्या फॅट बाईकला वायरचे डिस्क ब्रेक होते. काकूंची बोटं संधिवाताने सुजलेली, ते लांबूनही दिसत होतं. पोराने त्यांच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. १४० किलो उतारावर थांबवायचे तर कमी जोरात दाबले जाणारे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचे) ब्रेक हवेत, पुढे १८० मिलिमीटरची डिस्क असेल तर उत्तम, आणि लिव्हर दाबताच मोटरची वीज तोडणारा स्विच हवाच. हा खर्च चैनीचा नाही. दुकानदाराला परवडत नसेल तर त्याने निदान हसू तरी नये.

थोडं शांत होऊन लिहितो.

बॅटरीचं सोपं आहे. ३६ व्होल्ट, ७.६५ अँपिअर-तास म्हणजे २७५ वॉट-तास. थ्रॉटलवर, थांबत-थांबत, एखाद्या पुलासकट भारी चालकाला किलोमीटरला १२-१५ वॉट-तास लागतील असं धरा. जाहिरातीत काहीही असो, १८-२० किलोमीटरच्या पुढे भरवसा ठेवू नका. काकूंना तेवढं दोन दिवस पुरेल. बॅटरी निघणारी हवी, कारण २५ किलोची सायकल जिन्याने वर कोण नेणार? अडीच-तीन किलोची बॅटरी पिशवीतून नेता येते.

स्प्रिंगचा स्वस्त फोर्क नको. भारी माणूस बसला की तो आधीच दबलेला राहतो आणि पहिल्या स्पीडब्रेकरला ठोका देतो. साधा स्टीलचा फोर्क आणि दोन इंचाच्या वरचे टायर हे जास्त सुखाचं. सीटच्या पाईपवरची किमान खुणेची रेघ फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे. रेघ बाहेर राहिली की पाईप वाकतो किंवा फ्रेमच तिथून चिरते. साडी-ओढणी असेल तर मागच्या चाकाला जाळी आणि चेनला पूर्ण कव्हर.

“मग तीनचाकी का नको?” तोल जातो, चक्कर येते, त्यांना तीनचाकीच. पण ती ७०-८० सेंटिमीटर रुंद असते, सोसायटीच्या छोट्या फाटकातून जाते का ते मोजा. दुचाकी खड्डा चुकवते. तीनचाकीचं एक चाक चुकवतं, दुसरं सापडतं. वळणावर ती कलत नाही, म्हणून वेगात वळवली की आतलं चाक उचलतं. स्कूटरचंही तसंच: पाय अजिबातच साथ देत नसतील तर स्कूटर बरी, वाद नाही. पण विनालायसन्सवाली २५० वॉटची स्कूटर स्वतःच जड असते, तिच्यावर १०८ किलो बसवून पूल चढवून बघा. आणि काकूंना पॅडल मारायचं होतं. डॉक्टरांनी गुडघा हलता ठेवा म्हणून सांगितलंय, असं त्या दोनदा म्हणाल्या. ऐकलं कुणी?

काकू “बरं” म्हणून रिक्षाने गेल्या. कुणी ओळखत असेल तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा.

चाकांचं राहिलं. मागच्या चाकाला ३६ स्पोक आणि दुहेरी भिंतीची रिम मागा. सरळ बसून चालवताना साठ टक्क्यांहून जास्त भार मागेच असतो. पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरनंतर स्पोक ताणून आणि रिमचा आउट (वाकडेपणा) काढून घ्या. स्पोक बहुतेक वेळा हबजवळच्या वाकात तुटतो, आणि तो नुसत्या वजनाने नाही तर ढिला राहून दर फेऱ्याला सैल-ताठ होत थकल्यामुळे. त्याच वेळी मोटरच्या ॲक्सलचे नट ३५-४० न्यूटन-मीटरला आवळलेत का तेही बघायला सांगा. आणि “वजनामुळे तुटला, वॉरंटी नाही” हे वाक्य पुढे ऐकायचं नसेल तर खरेदीच्या दिवशीच आपलं वजन बिलावर लिहून, शिक्का मारून घ्या. लिहायला नाही म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा आणि दुसरं दुकान बघा.