‘इको लावा आणि विसरा’? घाटात तरी नको

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाडीतल्या ड्रायव्हिंग मोडबद्दलचा, म्हणजे इको, स्पोर्ट वगैरे बटणांबद्दलचा, एक मेसेज फिरतोय. इको मोड कधीच काढू नका, पेट्रोल हमखास वाचतं. स्पोर्टमध्ये इंजिनाची ताकद वाढते आणि म्हणून इंजिन लवकर झिजतं. चालत्या गाडीत मोड बदलला तर गिअरबॉक्स जातो. आणि घाट उतरताना इकोत ठेवून गाडी न्यूट्रल केली की फुकटात खाली. पहिल्या तिन्ही मुद्द्यांत अर्धवट माहिती आहे. चौथा जिवावर बेतणारा आहे, आणि लोक तोच कौतुकानं पुढे पाठवतायत.

आधी ताकदीचं बघू. आजच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर आणि इंजिन यांच्यात केबल नसते. पेडलवरचे सेन्सर पाय किती दाबलाय ते कॉम्प्युटरला कळवतात आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची हवेची झडप, किती उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. मोड बदलला की हा हिशेब बदलतो. रिकाम्या, सपाट रस्त्यावर पाय जराही न हलवता इकोतून स्पोर्टवर या. गाडी ओढ घेते, ऑटोमॅटिक असेल तर गिअर एखादा खाली येतो, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा वर सरकतो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगही जड होतं. वाटतं, ताकद वाढली. पण पेडल तळाला टेकवलं की बहुतेक गाड्यांत कुठल्याही मोडमध्ये मिळणारी कमाल ताकद तेवढीच असते. काही गाड्यांत खालच्या मोडमध्ये ती मुद्दाम रोखलेली असते; महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० डिझेलमधला ‘झिप’ मोड तसाच. आपल्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा, कारण दुपदरी ताम्हिणी घाटात ओव्हरटेक करताना ते कळून उपयोग नाही.

झिजण्याचं म्हणाल तर आरपीएमची कमाल मर्यादा प्रत्येक मोडमध्ये कॉम्प्युटरच सांभाळतो. सकाळी थंड इंजिन सुरू करून लगेच पळवलं तर ते झिजतं, मोड कुठलाही असो. उलट बीएस ६ (म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांची) डिझेल गाडी कायम गावात, कमी आरपीएमवर, जवळच्या जवळ फिरवली तर धुराचा फिल्टर काजळीनं भरतो. ती काजळी जाळून फिल्टर साफ व्हायला धूर चांगलाच तापावा लागतो, आणि त्यासाठी हायवेवर सलग चालवावंच लागतं.

आता पेट्रोल. सिंहगड रोडच्या कोंडीत इको खरंच कामाचा आहे. धक्के कमी बसतात, गिअर लवकर वर जातो, काही गाड्यांत एसीचा भारही हलका होतो. एक्सप्रेसवेवर मात्र खर्च ठरवते ती हवा. ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध जवळपास ५६ टक्क्यांनी वाढतो, आणि तो कमी करणारं बटण कुठल्याच गाडीत नाही. शंभरच्या सलग वेगात इकोनं पडणारा फरक किरकोळ. पेट्रोल वाचवायचं असेल तर ८५ नं जा. शिवाय इकोत गाडी मंद वाटते म्हणून पाय आणखी दाबला, तर जे वाचायचं तेही गेलं.

गिअरबॉक्सचं एका ओळीत: हे मोड चालत्या गाडीत बदलण्यासाठीच दिलेले असतात, थांबावं लागतं ते फोर-बाय-फोरचा लो गिअर टाकताना, आणि बहुधा त्याच्याशीच गल्लत झाली असावी.

राहिला घाट. न्यूट्रलमध्ये इंधन वाचतं हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पाय काढला की इंजेक्शनवालं इंजिन इंधन तोडतं, कारण चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहायचं असतं, म्हणून ते पेट्रोल प्यायला लागतं. तुमच्या गाडीत तात्कालिक मायलेज दिसत असेल तर नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे गिअरमध्ये उतरताना पाय काढून बघा, आकडा वरच्या टोकाला जाऊन चिकटतो. याच उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनानं कित्येक गाड्या ठोकरल्या. इथं न्यूट्रलवर उतरू नका म्हणून ट्रकचालकांना पोलीस सांगत आलेत, आणि आपण कारवाले तोच प्रकार टिप म्हणून वाटतोय! न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पॅडची पकड सुटत जाते, ब्रेकचं ऑइल उकळलं तर पेडल पोकळ लागतं.

उतारावर नुसता इकोही नको. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इकोत वरचा गिअर धरतो, म्हणजे इंजिनाचा रोध कमी मिळतो. काही गाड्या तर इकोत पाय काढल्यावर स्वतःच क्लच सोडून घरंगळतात. खंबाटकी किंवा बोरघाट उतरताना मॅन्युअल मोड घ्या किंवा एल (लो गिअर) टाका, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहा आणि ब्रेक अधूनमधून, ठामपणे लावा.

इलेक्ट्रिकवाल्यांनी रीजन (मोटर गाडीला रोखते आणि त्यातून बॅटरी भरते, ते) वाढवून उतरावं, पण पाचगणीला बॅटरी शंभर टक्के भरून लगेच पसरणी घाट उतरायला निघालात तर वीज साठवायला जागाच नसते आणि रीजन जवळजवळ मिळत नाही. तिथं चार्जिंग ८५-९० टक्क्यांवर थांबवा, बाकीचं वाईत करा.