आधी कारण सांगा
पोलिसांनी थांबवलं की चालकाने निमूट ऐकून घ्यावं, हे एका लेखात वाचलेलं मत मला अर्धवट वाटतं. रात्री अडवलेल्या गाडीकडे जाणाऱ्या पोलिसाला आत कोण आहे ते दिसत नसतं. म्हणून आतला दिवा लावावा, काच खाली करावी, हात स्टिअरिंगवर ठेवावेत. कागदपत्रं खणात असतील तर आधी सांगावं, मगच हात घालावा. एवढं चालकाने करायलाच हवं. पण का थांबवलं, हे पोलिसानेही पहिल्याच वाक्यात सांगावं. अरे-तुरे कशासाठी? मागे मुलं बसलेली असतात, सगळं ऐकत असतात! दंड चुकीचा वाटला तर दाद मागता येते. भरधाव वाहनांशेजारी उभं राहून वाद घालणं दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.